मागे बसणारा

त्या दिवशी दुपारी मी इवाओला आणायला त्याच्या घरी गेलो. पोशाखाची पेटी गाडीत आधीच ठेवली होती. आमच्या सादो बेटावर गावोगावच्या देवळांत नोह या जुन्या मुखवट्यांच्या नाटकाचे रंगमंच आहेत, आणि नाचणारे आम्ही शेतकरीच. इवाओ मुख्य भूमिका करायचा. मी त्याला पोशाख चढवायचो आणि खेळात त्याच्या मागे बसायचो. मागे बसणाऱ्याचं काम एकच. मुख्य नट कोसळला तर त्याला बाजूच्या छोट्या दारातून बाहेर न्यायचं आणि त्याच पावलापासून पुढे स्वतः नाचायचं. खेळ थांबवायचा नाही.

इवाओचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी नाचू नका म्हणून बजावलं होतं. त्याची मुलगी चिझुए दारापर्यंत आली आणि मला हळूच म्हणाली, "योहेईकाका, बाबांना घरी परत आणा. बाकी मला काही नको."

मी हो म्हणालो.

इवाओ गाडीत हसत होता. "मी पडलो तर तू नाचशील. लोक म्हणतील, यापेक्षा तो पडलेलाच बरा दिसत होता."

रंगमंचामागच्या आरशाच्या खोलीत कापराचा वास कोंडला होता. इवाओने मुखवट्याला नमस्कार केला आणि तो चेहऱ्यावर धरला. तरुण बाईचा मुखवटा, गावातला सगळ्यांत जुना. मी मागून दोरी बांधली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, घट्ट झाली का. तो नेहमी सैल ठेवायला सांगायचा.

"अजून," आतून आवाज आला.

मी ओढली.

"अजून..."

दोरी केसांत रुतली. श्वास घेता येतोय ना, असं मी विचारलं. तो उठून उभा राहिला. पडदा उचलला गेला.

मी मागे बसून त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. वस्त्र कितीही जाड असलं तरी दमलेल्या माणसाची पाठ मला कळते. पहिल्या गाण्यात ती वरखाली होत होती. मग बासरी संथ झाली आणि पाठ हलायची थांबली. पावलं मात्र पडत होती. थोड्या वेळाने तो मधेच खाली बसला, जिथे बसायचं नसतं तिथे. मुखवटा झुकला.

मी उठलो. मागून त्याच्या काखेत हात घातले. वजनच लागेना... काठीवर वाळत घातलेला पोशाख उचलावा तसं. आणि मुखवट्याआडून कुजबुज आली, "बस खाली. अजून संपलं नाही."

नियमाप्रमाणे त्याला बाहेर न्यायला हवं होतं. चिझुएला शब्दही दिला होता. पण माझे हात सुटले. मी जागेवर जाऊन बसलो. तो उठला आणि शेवटपर्यंत नाचला. इतका हलका नाच मी त्याचा चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

आत आल्यावर गाठ सुटेना. कात्रीने कापली. खाली इवाओचाच चेहरा होता. कोरडा, घामाचा थेंब नाही. पण श्वास चालू होता. मला रडू आवरलं नाही.

घरी पोचलो तेव्हा चिझुए अंगणात उभी होती. बाप स्वतःच्या पायांनी चालत येतोय हे बघून तिने माझे दोन्ही हात धरले. मग वाकून त्याच्या सपाता काढू लागली.

"फार दमलात ना, बाबा?"

इवाओने तिच्या केसांवरून हात फिरवला. आवाज त्याचाच, तंबाखूने बसलेला.

"नाही गं. मी मुळीच दमले नाही."

चिझुए सपाता हातात धरून तशीच थांबली. मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.