ओळखलहर

आरोपीला गप्प राहायचा पूर्ण हक्क होता, तो कुणी काढून घेतला नव्हता. त्याच्या बायकोलाही होता. म्हणून सरकार त्याच्या दहा महिन्यांच्या पोराला विचारत होतं.

कोर्टाच्या तळमजल्यावरच्या ओळखकक्षात सुरमी काळे पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पोराचं नाव जामीन. मागल्या वेळी संशयावरून उचललेला बाप, रंज्या, सुटून आला त्याच दिवशी जन्मलं म्हणून वस्तीने हौसेने ठेवलेलं. या वेळीही गावाबाहेरच्या बंगल्यात पहाटे चोरी झाली आणि पोलिसांची गाडी सरळ पारध्यांच्या पालांवर आली. रंज्या तेव्हा पालातच निजला होता, हे सुरमीने शंभरदा सांगितलं. बायको दुसरं काय सांगणार, म्हणून साहेब हसले होते.

डॉक्टर केळशीकरबाईंनी जामीनच्या डोक्यावर स्वतः घडवलेली तारांची मऊ टोपी चढवली. बाई मायाळू होत्या. टोपी आधी तळहातांत धरून त्यांनी कोमट केली. ओळखीचं काही दिसलं किंवा कानावर पडलं की पापणी लवायच्या आत मेंदूत एक लहर उठते, ती ओळखलहर, त्यांनी समजावलं. ती दाबता येत नाही. आणि ती बोलत नाही, म्हणून कोर्टाने तिला साक्ष न मानता बोटांच्या ठशांच्या रांगेत बसवलं होतं. साक्षीदाराला समज लागते, शपथ लागते. ठशाला काहीच लागत नाही.

पडद्यावर तोंड बांधलेले पाच जण पाच चित्रफितींतून कुंपणावरून उड्या मारून गेले; चौथी फीत त्या चोरीची, बाकी चार नुसत्या मिसळलेल्या. जामीन अंगठा चोखत बघत होता. चौथ्या फितीत, बंगल्यामागच्या शेतात, तित्तर ओरडलं. पोर खुदकन हसलं आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. यंत्रावरची रेघ ताडासारखी उभी राहिली.

सुरमीने त्याचे हात धरून खाली घेतले. पोर रडायला लागलं की रंज्या ओठ दुमडून हुबेहूब तित्तराचा आवाज काढायचा. रोज.

"बाई, त्यानं बापाला न्हाई वळखलं. पाखराला वळखलं. आवाज बंद करून दावा की एकडाव."

बाईंनी फीत पुन्हा ऐकली. त्यांचा चेहरा उतरला. पण फीत सीलबंद पुरावा होती. आवाज काढणं म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ.

"लहर उठली की नाही, एवढंच मला लिहिता येतं, सुरमी. कशामुळे उठली, असा रकानाच नाही."

"मग वकील इचारंल की."

"कुणाला विचारणार? लहरीची उलटतपासणी होत नाही."

"टोपी तुमी घडवली. तुमाला तोंड हाय. गप राहायचा हक तुमालाबी दिलाय का सरकारनं?"

टोपी काढताना बाई, तिच्याकडे न बघता, हळूच म्हणाल्या की तीन महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा होते. लहर उठली नाही, तर पहिली रद्द. एवढी लहान मुलं तीन महिन्यांत विसरतात.

त्या दिवसापासून पोरासमोर रंज्याचं नाव घ्यायची वस्तीत बंदी झाली. रंज्याच्या ज्या सदऱ्यात पोर निजायचं तो सुरमीने चुलीत घातला. एकदा पोराला दाखव, असा रंज्याने तुरुंगातून वकिलाकडे निरोप दिला. तिने उलट निरोप धाडला नाही.

एका पहाटे माळावर तित्तर ओरडलं. जामीन जागा झाला, हसला, पालाच्या दाराकडे हात करून उचलून घ्यायची वाट बघत राहिला. सुरमीने त्याच्या इवल्या कानांवर तळवे दाबले आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"कोन न्हाई, बाळा," ती म्हणाली. "कोन सुदिक न्हाई."