गिरणीतली झोप

बंद पडलेल्या सूतगिरणीचं सार्वजनिक वाचनालय करायचं काम वास्तुविशारद लेकीकडे आलं, तेव्हा आईला कोण आनंद झाला. तिची अर्धी हयात त्या गिरणीत गेली होती. नकाशा पाहून ती म्हणाली, "खिडक्या मोठ्या ठेव गं. आम्हाला दिवस कधी मावळला तेही कळायचं नाही."

सूत कातायच्या खात्यामागे एक बुटकी खोली होती. ती पाडून मोठं दालन करायचं ठरलं होतं. पण ते काम काही केल्या पुढे सरकेना. जेवणाच्या सुट्टीत मजूर तिथे जरा टेकायचे आणि गाढ झोपी जायचे. एकदा तर एक तिरसट वेल्डर चक्क अंगठा तोंडात घालून झोपलेला सापडला. सगळे पोट धरधरून हसले. तो डोळे चोळत म्हणाला, "मला थोपटत कोण होतं रे?"

हसू तिथल्या तिथे विरलं.

"ताई, त्या भिंतीवर घण घालायला कुणी तयार नाही," मुकादम म्हणाले. "घाबरलेत म्हणावं, तर तसंही नाही. नको म्हणतात, बस्स."

"काहीतरीच काय मुकादम!" म्हणत लेक स्वतः आत गेली. तेलाचा आणि कापसाचा जुना वास होता. बाहेर ड्रिल चालू होतं, पण त्याचा आवाज उंबऱ्यापाशीच थांबत होता. ती भिंतीकडे तोंड करून मापं घेत खाली बसली. पाठीवर काहीतरी टेकलं. हलकं, उबदार. उचललं गेलं. पुन्हा टेकलं.

ओरडायचं सोडून तिला जांभई आली.

घरी आल्यावर तिने आईला विचारलं, "त्या मागच्या खोलीत काय होतं?"

"तुम्ही पोरं. पाळीवर जाताना आम्ही तिथे निजवून जायचो."

"आणि सांभाळायला कोण असायचं?"

"कुणीच नाही," आई म्हणाली. "पण एकही पोर कधी रडलं नाही."

"तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण विचारत बसलो असतो, तर तुला ठेवलं कुठे असतं?"

खोली राहिली. तिथे मुलांचा विभाग झाला.

उद्घाटनाच्या दुपारी आई हौसेने सगळं पाहून आली. बाबा गेल्यापासून तिला धड झोप नव्हती. त्या खोलीत गालिच्यावर बसली आणि बघता बघता आडवी झाली. लेक दारातून पाहत राहिली. आईचा श्वास संथ चालला होता. कपाळावरच्या आठ्या एकेक करून मिटत गेल्या.

बाहेर भाषणं संपली. पांगापांग झाली.

"आई, ऊठ. निघायचंय."

तिने आईच्या खांद्याकडे हात नेला.

कुणीतरी तो मनगटाशी धरून अलगद बाजूला केला. नुकतं निजलेलं मूल जागं होऊ नये, इतक्या बेताने.