शिल्लकराव

बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत दाणे मोजण्यात आणि तोलण्यात जन्म घालवून दशांशबाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "बाई आमच्याकडे एकतीस वर्षं होत्या." बाईंनी बसल्या जागेवरून दुरुस्ती केली, "एकतीस पूर्णांक दोन." नाव काही उगाच पडलं नव्हतं.

ऑफिसचा कॅल्क्युलेटर निघताना जमा करावा लागला. तिसऱ्या दिवशी बाई वर्तमानपत्राच्या कडेला हातानं भागाकार करताना दिसल्या, तेव्हा त्यांच्या यजमानांनी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणून दिला. होता तो स्वस्तातलाच. करड्या रंगाचा, तळहाताएवढा, वर सरकवून बसवायचं कडक झाकण, आणि दहा मिनिटं कुणी विचारपूस केली नाही की आपोआप झोपी जाणारा.

"दोनशे चाळीस कामं करतो म्हणे," यजमान खोक्यावरचं वाचत म्हणाले. "मी घरात चार करतो. तीही सांगितल्यावर."

यजमान जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवत आले होते. क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. कॅल्क्युलेटरमधलं त्यांना फक्त एकच बटण आवडलं. ते दाबलं की यंत्र मनाला येईल तो आकडा दाखवी. शेवटचा अंक सम आला तर भांडी बाईंनी घासायची, विषम आला तर यजमानांनी. बाईंनी मात्र सोबतचा माहितीकागद उलगडला. तो पलंगपोसाएवढा निघाला, अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. भिंग घेऊन बाईंनी तो दोन दिवसांत संपवला. तो पूर्ण वाचणाऱ्या जगात बहुधा त्या एकट्याच असाव्यात.

गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर आधी दहा किलो वजन उतरवा, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. नाहीतर वर्षभरात काठी, आणि पुढे चाकाची खुर्ची. तेव्हाच दातांच्या डॉक्टरांनी वाचनालयाच्या माडीवर वजन उतरवा मंडळ काढलं. दर रविवारी सकाळी व्यायाम, मग वजन. दातांच्या डॉक्टरांना धरून अकरा सभासद जमले. वाचनालयाचे ग्रंथपाल होते. बेकरीवालेही होते आणि ते येताना खिशातून लोण्याचा वास घेऊन येत. यजमान कठडा धरून एकेक पायरी चढत माडीवर पोचत. बाई सभासद नव्हत्या, त्यांच्या अंगावर उतरवण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी नोंदी ठेवायचं पत्करलं.

माडी म्हणजे एक लांबट दालन होतं. तीन खिडक्या, जुन्या कागदाचा वास, भिंतीशी ओळीनं मांडलेल्या वेताच्या खुर्च्या. मधोमध दांडीचा वजनकाटा. माणूस उभा राहिला की दांडीवरची छोटी वजनं सरकवायची आणि दांडी समतोल झाली की आकडा वाचायचा. बाईंचा जीव असल्या काट्यावर होता. तो खोटं बोलत नाही, असं त्या म्हणत.

पहिल्या रविवारी अकरा वजनं झाली. बाईंनी कॅल्क्युलेटर सरासरीच्या मोडवर घातला, एकेक वजन टाकलं. प्रत्येक नोंदीसरशी पडद्यावर "एन" वाढत गेला. एन म्हणजे नोंदी किती झाल्या तो आकडा. एन अकरा. सरासरी ब्याऐंशी किलो.

पुढच्या रविवारी सरासरी आली पंचाहत्तर पूर्णांक सतरा.

"आठवड्यात माणशी सात किलो!" दातांच्या डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि मंडळाच्या दृष्टीनं हे बरं नव्हतं. त्यांनी लगेच भाषण केलं. टाळ्या झाल्या. बाई तेवढ्या आकड्याकडे बघत होत्या. प्रत्येकाचं जेमतेम किलोभर उतरलं असताना सरासरी सात किलोंनी कशी उतरेल? त्यांनी एन पाहिला. बारा.

एखादी नोंद दोनदा पडली असेल, म्हणून त्यांनी सगळं पुसून पुन्हा आकडे टाकले. आता प्रत्येक नोंदीला डोळ्यांत तेल घालून पाहिलं. नऊ, दहा, अकरा. थांबल्या. अकराच. मग सरासरीचं बटण दाबलं, आणि परत एन पाहिला.

बारा.

घरी आल्यावर बाईंनी टोपलीतले अकरा बटाटे तोलले. एन अकरा, सरासरी बिनचूक. म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं. मग त्यांनी कागदावर उलटा हिशेब मांडला. बारा नोंदींची ही सरासरी असेल, तर बारावी नोंद किती किलोची? उत्तर आलं नऊ पूर्णांक चार.

तिसऱ्या रविवारी प्रत्येकाचं वजन आणखी उतरलं होतं, पण सरासरी तीच, पंचाहत्तर पूर्णांक सतरा. बारावी नोंद मात्र सतरा पूर्णांक आठ.

सोमवारी बाई दुकानात गेल्या. "हा कॅल्क्युलेटर एक माणूस जास्त मोजतो."

दुकानदारानं दोन अधिक दोन केले. "चार. बघा, बरोबर आहे."

"बटाटे बरोबर मोजतो. माणसं चुकवतो."

दुकानदारानं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि तसलाच नवा कोरा कॅल्क्युलेटर बदलून दिला. चौथ्या रविवारी त्यानंही बारा दाखवले. बाई पुन्हा दुकानात गेल्या, तेव्हा त्यानं हात टेकले. "मग बाई, खोट तुमच्या माणसांत असेल."

चौथ्या रविवारची बारावी नोंद होती सव्वीस पूर्णांक पाच. बाईंनी त्या रात्री जेवण होताच पहिल्या रविवारपासूनचे सगळे आकडे एकाखाली एक लिहिले. अकरा जणांचं मिळून आजवर किती उतरलं? सव्वीस पूर्णांक पाच. गेल्या रविवारपर्यंत किती? सतरा पूर्णांक आठ. इथेच तर पाणी मुरत होतं. मंडळाचं जेवढं वजन जात होतं, तेवढं कुणाच्या तरी अंगी लागत होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "उतरलेलं वजन जातं कुठे?"

"जाईना का कुठेही," यजमान म्हणाले. "परत आलं नाही म्हणजे मिळवली."

पाचव्या रविवारी बाईंनी मंडळापुढे सगळं मांडलं. कागद दाखवला, कॅल्क्युलेटर हातोहाती फिरवला. बेकरीवाले म्हणाले, "म्हणजे माझं पोट घेऊन कुणीतरी हिंडतंय? त्याला सांगा, शर्ट मोठा शिवून घे."

"आणि माझी हनुवटी," यजमान म्हणाले. "दुसरी. पहिली माझ्याकडेच आहे."

हशा पिकला. दातांच्या डॉक्टरांनी बाराव्याचं नाव ठेवलं शिल्लकराव. त्यानंतर दर रविवारी कुणी ना कुणी जिन्यातून विचारी, "शिल्लकराव आले का?" आणि कुणीतरी उत्तर देई, "केव्हाच! आपल्यासारखे आळशी नाहीत ते." कुणी व्यायाम टाळला की दातांचे डॉक्टर ओरडत, "तुमची भाकर शिल्लकराव खातायत!"

बाई हसल्या नाहीत. खिडकीखालच्या कोपऱ्यात एक जादाची खुर्ची असे, नव्यानं विणलेली. त्या खुर्चीत कुणी बसत नसे. सहाव्या रविवारी बाईंना तिचा वेत किंचित खाली गेल्यासारखा वाटला. वाटण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पुढच्या खेपेला त्या पट्टी घेऊन आल्या. झोळ एक पूर्णांक एक सेंटिमीटर. आठव्या रविवारी एक पूर्णांक आठ. दहाव्या रविवारी दोन पूर्णांक सहा.

"या खुर्चीत कोण बसतं?" त्यांनी ग्रंथपालांना विचारलं.

"कुणीच नाही. आठवडाभर माडीला कुलूप असतं. किल्ली माझ्याकडे." मग ग्रंथपालांनी आवाज खाली आणला. "बाई, एक विचारू? रविवारी तुम्ही सगळे खाली उतरता, तेव्हा मी जिन्यापाशी उभा असतो. सवय आहे मला, येणारीजाणारी माणसं मोजायची."

"मग?"

"चढताना बारा मोजतो. तुम्ही आणि मी धरून. बरोबर?"

"बरोबर."

"उतरतानाही बाराच मोजतो," ग्रंथपाल म्हणाले. "पण मी तर वरच असतो ना अजून."

त्यानंतर बाईंना ते वाक्य कितीतरी वेळ पुरलं. बारा चढले, त्यात ग्रंथपाल. ग्रंथपाल वरच, तर उतरायला हवेत अकरा.

घरी जाताना त्यांनी यजमानांना सांगून टाकलं, "पुढच्या रविवारपासून बंद करू या. आपण दोघं तरी."

यजमान रस्त्यात थांबले. एका हातानं त्यांनी गुडघा धरला होता. "साडेआठ उतरलंय माझं. दीडच राहिलंय. काल मी, ऐक, काल मी पलंगावरून उठताना तुला हाक मारली नाही. कळलं का तुला?"

बाईंना कळलं होतं. काल सकाळी हाक आली नाही म्हणून त्या स्वयंपाकघरात दचकल्या होत्या.

"तो कोण आहे ते मला ठाऊक नाही," यजमान म्हणाले. "पण माझं नको असलेलंच नेतोय ना? नेऊ दे."

बाई त्यांच्या बेतानं हळूहळू चालू लागल्या.

बाराव्या रविवारी यजमानांचं वजन भरलं अठ्ठ्याऐंशी पूर्णांक तीन. दहा किलो पार. मंडळानं त्यांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि वेळीच सोडून दिला. बाई टेबलाशी बसून आकडे टाकत होत्या. सरासरी तीच. बारावी नोंद पंचाहत्तर पूर्णांक दोन. म्हणजे शिल्लकराव आता जवळजवळ सरासरीवरच आले होते. ना जाड, ना बारीक. रस्त्यात भेटले असते तर लक्षातही राहिले नसते.

दातांच्या डॉक्टरांनी नोंदवही पुढे केली. "लिहा बाई, अंतिम उपस्थिती."

बाईंनी पेन उचललं. खिडकीखालच्या खुर्चीकडे पाहिलं. मग यजमानांकडे, ते कठडा न धरता जिन्याची पहिली पायरी उतरून दाखवत होते. एकतीस पूर्णांक दोन वर्षांत जे त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. वहीत लिहिलं, अकरा.

ऑपरेशन झालं. छान झालं. दोन महिन्यांत यजमान बाजारातून पिशवी आणू लागले, आणि भांड्यांच्या बाबतीत सम-विषम पाहण्याआधीच पळ काढण्याइतके चपळ झाले. मंडळाचं मात्र पानिपत झालं. बेकरीवाल्यांनी उतरवलेलं सगळं व्याजासकट परत मिळवलं. दातांचे डॉक्टर तोंड लपवत हिंडू लागले. बाईंना आत कुठेतरी हायसं वाटलं. ज्याचं त्याला परत गेलं, म्हणजे कोपऱ्यातल्या खुर्चीवर आता कुणी नसेल.

तिसऱ्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांनी मंडळ पुन्हा उभं केलं. त्याच अकरा जणांचं, पहिल्यापासून. पहिल्या रविवारी वजनं झाली, गाऱ्हाणी झाली, आणि सगळे कोरा चहा प्यायला खाली गेले. यजमानांची पावलं जिन्यावरून भराभर उतरली. ती ऐकून बाई एकट्याच हसल्या.

दालनात ऊन आलं होतं. बाईंनी आकडे टाकले.

एकूण बेरीज कागदावरच्या बेरजेपेक्षा पंचाहत्तर पूर्णांक दोननं जास्त. ग्रॅमभरही कमी झालेली नव्हती. शिल्लकरावांनी कुणालाच काही परत केलं नव्हतं. अकरा जणांच्या अंगावर चढलेलं मांस त्यांचं त्यांनी नव्यानं कमावलेलं होतं.

बाईंनी एन पाहिला.

तेरा.

त्यांनी डोळे मिटले, उघडले. तेराच.

दोन अनोळखी नोंदी, दोघांची मिळून बेरीज ठाऊक. पण कॅल्क्युलेटर वर्गांची बेरीजही सांगतो. माहितीकागदाच्या मागल्या बाजूला, अगदी तळाशी दिलेलं आहे. दोन्ही बेरजा असल्या की दोन्ही नोंदी सुट्या काढता येतात. बाईंनी समीकरण मांडलं. एकतीस वर्षांची सवय होती.

एक नोंद आली शून्य पूर्णांक चार किलो.

दुसरी चौऱ्याहत्तर पूर्णांक आठ.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. कुणाचं तरी चारशे ग्रॅम उतरलं होतं. आणि ते आणखी कुणाच्या तरी अंगी लागलं होतं.

खालून यजमानांची हाक आली, "अगं, चहा गार होतोय!"

बाईंनी कॅल्क्युलेटरवर झाकण सरकवलं, वही मिटली, उठल्या. जिन्याकडे जाताना वाटेत वजनकाटा लागला. शेवटी त्यावर बेकरीवाले चढले होते, एकशे चारवर. दांडीवरची वजनं आता चौऱ्याहत्तर पूर्णांक आठवर होती.

काट्यावर कुणी नव्हतं. दांडी समतोल होती.