भात्यावरचा हात

उमरखेडहून यवतमाळला जाणाऱ्या बसमध्ये दिग्रसला एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यावर एका माणसाची पिशवी ऐसपैस बसली होती. अनघानं पिशवीकडे पाहिलं. माणसानं अनघाकडे पाहिलं आणि ओशाळून पिशवी मांडीवर घेतली.

“बसा ना मॅडम. यवतमाळ?”

“हो... बहिणीकडे.”

“मी भुईमुगाचं बियाणं पाहाले चाललो.”

दोघंही खोटं बोलत होते. यवतमाळला उतरून दोघांनी वेगवेगळ्या रिक्षा केल्या, आणि मानसोपचाराच्या दवाखान्यामागच्या खोलीत एकाच सतरंजीवर समोरासमोर आले.

“बहीण इथंच राह्यते का?” त्यानं हळूच विचारलं.

“बियाणं चांगलं मिळतं म्हणे इथं,” अनघा म्हणाली. किती महिन्यांनी ती कुणाची तरी फिरकी घेत होती.

अनघा दिग्रसच्या कोर्टात टायपिस्ट होती. गोळ्यांनी रडणं थांबलं, झोप परत आली. डोक्यातलं धुकं मात्र हटेना. साहेबांनी सांगितलेलं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात तिच्या मनातून निसटून जायची. तिनं लांब रजा घेतली. ती संपेपर्यंत डोकं चालू लागलं नाही, तर नोकरी सोडावी लागणार होती.

आणि तो पिशवीवाला श्रीकृष्ण, ढाणकीचा, घरची शेती असलेला. त्याला काय झालं होतं? काहीच नाही. कापूस बरा होता, तूर बरी होती, घरचे जीव लावत होते. एका सकाळी तो शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसला आणि त्याला उठावंसंच वाटेना. “कारण असतं तं सांगता तरी आलं असतं लोकायले,” तो म्हणायचा.

डॉक्टरांनी बजावलं होतं, इथं कुणी गवई होणार नाही. दर गुरुवारची ही लक्षाची आणि आठवणीची तालीम आहे. शिकवायला रत्नप्रभाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या संगीतशिक्षिका. त्या पेटीवर चार सूर वाजवत. ते ऐकायचे, मनात धरायचे, थोडं थांबायचं आणि मग उलटे वाजवायचे. पेट्या कमी, म्हणून एका पेटीवर दोघं. एकानं पट्ट्या सांभाळायच्या, दुसऱ्यानं भाता; मग हात बदलायचे.

पण ह्या जोडीत हात कधी बदललेच नाहीत.

“माह्यी बोटं जाड हायेत, मॅडम. तुमीच वाजवा.”

“हे बहाणे आहेत.”

“असू द्या ना. तुमचे हात पाहाले मिळते.”

अनघा लाजली आणि तिसरा सूर विसरली. बोट होतं तिथंच अडकलं... डोकं कोरं. आता सगळे बघणार! पण श्रीकृष्णनं भाता थांबवला नाही. तो एकच सूर लांबत राहिला, आणि कुणाच्या काही लक्षात यायच्या आत तिला पुढचा आठवला.

“सुरात दम भरला ना मी?” तो पुटपुटला.

त्या हिवाळ्यात गुरुवार आला की नेमकं आभाळ भरून यायचं. बाहेर अवकाळी पावसाची झिमझिम आणि आत, पेटीच्या मागे, त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलेलं. दोघंही ते काढून घेत नसत. अनघाला चार सूर जमले, मग पाच, मग सहा. घरी वर्तमानपत्रातली बातमी वाचून झाल्यावर ती सगळी आठवायची. गुरुवारची वाट पाहणं हेही तिला पुन्हा जमू लागलं होतं.

शेवटच्या गुरुवारी ताईंनी एकेकाला एकट्यानं पेटीवर बसवलं. अनघाला छान जमलं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी कामावर रुजू व्हा. श्रीकृष्णला मात्र तीन सूरही धरता आले नाहीत. “पुढच्या गुरुवारपासून नवी तुकडी आहे, तिच्यात पुन्हा या,” ताई म्हणाल्या. तो मान हलवून बाहेर पडला.

परतीच्या बसमध्ये अनघाला राहवलं नाही. “तुमच्या वाटणीचा सराव मी केला. तुम्ही मला करू दिला. कशासाठी?”

“तुमच्यासाठी नाही जी, उगाच मोठेपण नोका देऊ.” तो खिडकीबाहेर बघत होता. काचेवर पाणी ओघळत होतं. “भेव वाटे. वाजवलं अन् नाई जमलं तं... मंग डोकं गेलंच म्हणाचं का? भाता सोपा होता. आता काही मी येत नाही परत.”

“मला तुम्ही आवडता,” अनघा म्हणाली. ती स्वतःच दचकली. पण वाक्य सुरुवातीपासून शेवटापर्यंत नीट आलं होतं.

त्यानं खिडकीकडून तोंड वळवलं.

“मले ठावं हाय, तुमी मले आवडता,” तो म्हणाला. “ठावं हाय, पण आत वाटत नाही. सारं लाकडावानी झालं हाय. अशा मान्साचं तुमी काय करसान?”

हे लाकूड होणं अनघाला चांगलंच माहीत होतं. म्हणून तिनं समजूत घातली नाही.

“वाटेल तेव्हा सांगा.”

“अन् कधीच नाही वाटलं तं?”

“तर मला फार वाईट वाटेल. खोटं कशाला बोलू? पण तुम्ही तुकडीत या. आणि ह्या वेळी पट्ट्यांवर बसा. सकाळी बस दिग्रसला जरा थांबते. कोर्टाच्या आधी मी स्टँडवर येईन.”

दिग्रस आलं, तसे त्यानं पाय आवरून तिला वाट करून दिली.

पुढच्या गुरुवारी अनघा छत्री घेऊन स्टँडवर उभी राहिली. कोर्टाचे तीन दिवस बरे गेले होते. बस आली. माणसं उतरली, गाठोडी उतरली, खिडक्यांमध्ये सगळे अनोळखी चेहरे. आला नाही. ती मागे वळणार, तोच बसमधल्या मागच्या सीटवरून तो पुढे दारापर्यंत आला. दाढी वाढलेली, डोळे रात्रभर न मिटलेले.

“अजून काही वाटलं नाही,” तो पायरीवरूनच म्हणाला.

“बरं.”

“उठावंसं बी वाटत नोयतं.” त्यानं दांड्याला घट्ट धरलं होतं. “पण आलो.”

अनघाला रडू फुटलं. चारचौघांत. छत्री कलती झाली तरी तिला कळलं नाही. कंडक्टरनं घंटी दिली आणि बस यवतमाळकडे निघाली.