तेजलचा पडसाद

जतच्या माळावरचं व्योम विद्यापीठ अंतराळात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवून घेत असे. तिला ‘पडसाद’ म्हणत. पाच वर्षं रोज संध्याकाळी प्रत्येकाला वीस प्रश्न विचारले जात: आज कुणाचा राग आला, काय खावंसं वाटलं, अमुक बिघाड झाला तर काय करशील. त्या उत्तरांवरून संगणक त्या माणसाच्या विचारांचा साचा तयार करी. मग नवा प्रश्न विचारला, तरी तो साचा त्याच माणसाच्या आवाजात, तो देईल तेच उत्तर देई. मुलं कंटाळून खोटं सांगायला बघत. पण पाच वर्षं न चुकता खोटं बोलायला जी चिकाटी लागते, ती कितीजणांत असते?

या उपद्व्यापाचं कारण साधं होतं. शनीजवळून पृथ्वीवर निरोप यायला ऐंशी मिनिटं लागतात, उत्तर परत जायला आणखी ऐंशी. तेवढ्यात यानाचं होत्याचं नव्हतं होईल. म्हणून घाईच्या वेळी वरच्या माणसाऐवजी त्याच्या पडसादाला विचारत. दोघांचं जुळलं नाही, तर एकटेपणानं माणसाचं डोकं ठिकाणावर राहिलं नसावं, असं धरून चालत. शेवटचा शब्द मात्र जवळच्या नातेवाइकाचा असे.

म्हणून त्या दिवशी सकाळी उमदीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या विमलाबाई कोळेकर नियंत्रणकक्षात येऊन बसल्या होत्या. त्यांची तेजल दोन वर्षं यानात एकटी होती.

“नेमकं काय झालंय, सर?” त्यांनी विचारलं.

“आज शनीच्या एका चंद्रावर उतरायचं होतं,” डॉ. नाडगौडा म्हणाले. पडसादांचा विभाग त्यांच्याकडे होता. “तेजल नको म्हणते. इंजिनाची थरथर तिला वेगळी वाटते. आमच्या मोजमापात तसं काही दिसत नाही, आणि पडसाद म्हणतो, उतरा. आज हुकलं तर मोहीम संपली, हात हलवत परत.”

“मग मी काय करू?”

“दोघींना एकच प्रश्न विचारलाय, भीती वाटते का? उत्तरं ऐका. कुठलं कुणाचं, ते मी सांगायचं नाही असा नियम आहे. तुमची तेजल कुठली, ते तुम्ही सांगा. तिचं आम्ही ऐकू. बारा वाजता हुकूम जायला हवा.”

विमलाबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

पहिला आवाज हसत आला. “भीती? मला? आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव. आणि यान उतरवा बिनधास्त.”

दुसरा आवाज जड, ओळख न पटणारा होता. “हो. आई, मला घरी यायचंय.”

विमलाबाईंना सात वर्षांची तेजल आठवली. विहिरीत पडली होती, आणि वर काढली तेव्हा तुटका दात दाखवत हसत होती.

“पहिली,” त्या म्हणाल्या. “दुसरी माझी न्हाई, सर. माझी पोर जन्मात कधी घाबरले म्हणाली न्हाई.”

नाडगौडांनी मान हलवली. बाराला हुकूम गेला. यान आता स्वतःच उतरणार होतं आणि तेजलच्या हातात काही राहणार नव्हतं. पण नाडगौडांचा चेहरा उतरला होता.

“काय झालं वो?”

“पहिला पडसाद होता.”

“पण हुबेहूब तिच्यासारखाच बोलला की.”

“बोलणारच. ती आजवर जे बोलली, त्यातूनच तो बोलतो. जे ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलेल, ते त्याला कुठून येणार?”

विमलाबाई खुर्चीला धरून उठल्या. “मग थांबवा. आई चुकली म्हणून कळवा तिला.”

“कळवतो. पण तो निरोप हुकमाच्या मागूनच जाणार. दोन्ही प्रकाशाच्याच वेगानं जातात, मागचा पुढच्याला गाठू शकत नाही. आणि एकदा यान खाली निघालं, की वळवता येत नाही.”

घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती. हुकूम पोचायला अजून शहात्तर मिनिटं होती. विमलाबाई नाडगौडांकडे वळल्या.

“मला विचारणार आहात, हे तिला माहीत होतं?”

“कालच कळवलं होतं.”

“मग काय म्हणाली?”

नाडगौडांनी पडदा विमलाबाईंकडे वळवला. तिचा निरोप एका ओळीचा होता.

‘आईला विचारणार असाल, तर मग काळजी नाही.’