हलू नका!

तीर्थपुरीच्या नव्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्रिंबक आणि इंद्रायणीचं लग्न लागलं. वाजंत्री परतूरची होती. आता हे विसरा. असं काही झालेलंच नाही. टाकीच नाही, तर सावली कुठली?

तर साल १९९६. जमीन टाकीचा पाया पेलेल का, हे बघायला जालन्याहून त्रिंबक आला होता. रीत साधी. जमिनीत ओळीनं जिओफोन खोचायचे, ते जमिनीचे कान. एका टोकाला मदतनीस भुजंगनं लोखंडी प्लेटवर घण हाणायचा. धक्का जल्दी पोचला तर खाली खडक; रेंगाळत आला तर टाकी एक दिवस गावाला वाकून नमस्कार करणार. अट एकच – तेव्हा कुणी हलायचं नाही. पाऊलसुद्धा यंत्राच्या कागदावर उमटतं.

भुजंगनं घण उचलला आणि डोक्यावर हंडा घेऊन इंद्रायणी आली.

"थांबा! हलू नका!"

ती थांबली. एक पाय हवेतच.

"पाय खाली ठेवू का?"

"न्हाई!"

"मंग उडू का?"

भुजंगला हसू फुटलं. घण मातीत बसला. हंड्यातला एक थेंब कपाळावरून घसरत तिच्या पापणीवर थांबला… त्रिंबकही थांबला. नोंद राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी ती बराबर घण उचलायच्या वेळी आली. तिसऱ्या दिवशीही.

"तुमच्या पावलांनी आमचं काम बिघडून राह्यलं," त्रिंबक म्हणाला.

"इतकं हलकं पाऊल बी ऐकू येतं?"

"शंभरांत ओळखीन."

"अन् तोंडानं बोललेलं?"

"ते यंत्रात येत न्हाई."

"मंग यंत्राबाहेर ऐका की कधी…"

भुजंग उगाच आभाळ बघू लागला. आभाळात काही नव्हतं.

शेवटची ओळ उरली. ती नीट नोंदली की त्रिंबकचं काम संपलं. परत यायला कारण नाही. नाही नोंदली तर टाकी लांबणीवर, आणि इंद्रायणीच्या मानेवर हंडा आणखी एक उन्हाळा. मान खरोखर दुखत होती.

"आज मी हलणार न्हाई," ती म्हणाली. "टाकी पायजे मला."

"अन् मी… गेल्यावर?"

"नळाला पाणी येईल."

तिनं हंडा खाली ठेवला, बांगड्या मुठीत धरल्या, पापणीही लववली नाही. घण पडला. कागद बाहेर आला आणि रेषेवर धक्क्याआधीच बारीक थरथर. टक… टक… टक.

"मी न्हाई हलले, साहेब! देवाशप्पथ!"

"तुम्ही न्हाई." त्रिंबक आपल्याच बुटांकडं बघत होता. यंत्रापासून बरेच पुढं आले होते ते. "मी निघाल्तो."

"कुठं?"

"तुमच्याकडं."

इंद्रायणीनं त्या बुटांकडं पाहिलं, मग हंड्याकडं.

"आधी टाकी नोंदा," ती म्हणाली. "मंग हला."

"परत हाणू का?" भुजंगनं विचारलं.

"हाण."

या वेळी तिघंही दगड झाले. रेषा स्वच्छ आली.

त्रिंबकनं अहवाल धाडला: "काळ्या मातीखाली कठीण खडक आढळला. जागा टाकीस योग्य. तथापि सदर जमिनीचे सर्वेक्षण आणखी चाळीस वर्षे चालू ठेवणे निकडीचे असून, अधोस्वाक्षरीकारास तीर्थपुरी येथेच कायम ठेवावे, व पावलांची नमुना-नोंद घेणेकामी कु. इंद्रायणी धुळाजी यांस त्याच मुदतीसाठी सोबत चालण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."