विद्यापीठाच्या मालकीचं पाणी

त्याने माझा शोध पिऊन टाकला, तिथून सगळं सुरू झालं.

स्फाक्स शहरातल्या आमच्या विद्यापीठात लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. मी जिने चढून धापा टाकत बाटली खिडकीत ठेवली आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागले. मागून कुणीतरी आलं, बाटली उचलली आणि घटाघटा निम्मी संपवली.

"अहो, ते ऑलिव्हच्या घाण्याचं सांडपाणी आहे."

तो थांबला. ओठ पुसले. "चव तर बरी आहे."

"कारण मी ते स्वच्छ केलंय. ऑलिव्हच्याच बियांच्या कोळशाने. तीन वर्षं घातली त्यात."

"हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"तुमच्या पोटाला."

"ते कुणाजवळ बोलत नाही," तो म्हणाला. "पण पेटंटचा अर्ज जाईपर्यंत तुम्हीही बोलू नका." हसताना त्याच्या गालाला खळी पडली, आणि मला उगीचच राग आला.

हा वजदी. विद्यापीठात लागलेले शोध कंपन्यांना वापरायला देण्याचं खातं तो सांभाळायचा. शोध माझा, पण मालकी विद्यापीठाची. त्यांच्या सहीशिवाय मी तो शेजाऱ्यालाही देऊ शकत नव्हते. पेटंटचा अर्ज वेळेत गेला, घोडं अडलं ते पुढे. शहराबाहेरचे घाणेवाले हाजी त्रीकी परवाना घ्यायला तयार होते. अट एकच — सही ऑलिव्हचा हंगाम सुरू व्हायच्या आत. नाहीतर ते बाहेरून यंत्र मागवणार, आणि माझी तीन वर्षं कपाटात जाणार.

मग काय, चपला झिजल्या. समिती भरेना. भरली तर सही करणारे संचालक रजेवर. ते उगवले तर विभागप्रमुखांना नफ्यात मोठा वाटा हवा; या महाशयांनी माझी प्रयोगशाळा दारातूनसुद्धा पाहिली नव्हती. दर मंगळवारी मी वजदीशी भांडायला जायचे, आणि तो बदामाचं सरबत मागवायचा.

"सरबत नको, सही हवी."

"सही माझ्या हातात असती तर..."

"तर काय?"

"तर तुम्ही मंगळवारी कशाला आला असता, डॉक्टर?"

असं बोलला की त्याचा गळा धरावासा वाटे. तरी मंगळवारी मी आरशासमोर जरा जास्तच रेंगाळते, हे आईच्या नजरेतून सुटलं नाही.

ऑक्टोबर सरत आला. ऑलिव्ह झेलायला झाडांखाली जाळ्या पसरल्या. त्या मंगळवारी अवचित पाऊस कोसळला, स्कूटरवरून मी चिंब भिजून पोहोचले, तर वजदी नजर न उचलता म्हणाला, "तुमची फाईल आता माझ्याकडे नाही. गेल्या आठवड्यात आमच्याच खात्यातल्या सल्वाबाईंना दिली."

माझं डोकंच फिरलं. "वर्षभर माझा जीव खाल्लात, आणि ऐन हंगामाच्या तोंडावर हात झटकता?"

"त्यांनी काल संचालकांना घरी गाठलं. सही झालीय. हाजींचा माणूस परवाना घेऊनही गेला."

मी मटकन खुर्चीत बसले. हसायला हवं होतं, पण डोळेच भरून आले. "इतकं सोपं होतं? मग तुम्ही वर्षभर काय करत होतात?"

"मीही त्यांच्या घरी जायचो. मला ते कॉफी पाजून परत पाठवतात. सल्वाबाईंना घाबरतात."

"मग फाईल आधीच का नाही दिलीत त्यांना?"

"तेव्हा हे सुचलं नाही. आता द्यावीच लागली. नात्यातल्या माणसाची फाईल आम्हाला हाताळता येत नाही."

"मी तुमच्या नात्यातली कधी झाले?"

बाहेर पाऊस, आत माझ्या केसांतून टपटपणारं पाणी...

"अजून नाही," तो म्हणाला. "पण शुक्रवारी माझी आई तुमच्या आईला भेटायला यायचं म्हणतेय. फाईल माझ्याकडे असताना तिला कोणत्या तोंडाने पाठवू?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही. परवाना हाजींच्या हातात पडलाय, तुमचं काम कुठेच अडणार नाही. म्हणून तर सही होईपर्यंत थांबलो."

वर्षभर ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याने मला नाही म्हणायची मोकळीक आधी दिली होती आणि विचारलं नंतर. मला त्याचं फार, फार प्रेम वाटलं. आणि फार रागही आला.

"शुक्रवारी नको," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला.

"उद्याच पाठवा. तुमच्या खात्यापायी जेवढं थांबायचं तेवढं माझं थांबून झालंय."